जुन्या गाडीचे टायर प्रेशर सेन्सर: एक बदलू, चारही बदलू, की दिव्याकडे बघायचंच नाही?

जुनी_पण_माझी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा मार्ग दाखवावा.

गाडी २०१२ ची, मी तिचा दुसरा मालक. इंजिन, गिअरबॉक्स, सगळं ठणठणीत. तक्रार एकच, आणि ती रोज सकाळी डोळ्यांत खुपते. चावी फिरवली की टायरचा पिवळा दिवा मिनिटभर उघडझाप करतो आणि मग लागूनच राहतो. स्क्रीनवर चार चाकांचे चार आकडे यायला हवेत, त्यात मागच्या उजव्याच्या जागी नुसत्या रेघा. मागच्या डाव्याचं तंत्र वेगळंच. सकाळी रेघा, दुपारी उन्हात तापलेली गाडी काढली की आकडा हजर. हवा मी स्वतः गेज लावून बघितली. चारही चाकांत बरोबर आहे, कुठे गळत नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्याने कुठलंही यंत्र न लावता, लांबूनच बघून निकाल दिला: "चारही सेन्सर गेले, लगे हाथ टायरही बदलून टाका." दुसरीकडे गेलो तर म्हणे हे सगळे नखरे आहेत, दिव्याची वायरच काढून टाकतो. मला दोघांचंही पटलं नाही.

तर प्रश्न असे. फक्त मेलेला सेन्सर बदलला तर चालतं का? आतली बॅटरी बदलता येते का? "सगळ्या गाड्यांना चालणारे" म्हणून जे सेन्सर मिळतात ते खरंच चालतात, की कंपनीचेच घ्यावेत? आणि टायरमध्ये अजून वर्षभराचा जीव आहे, तोवर कळ काढली तर काही बिघडतं का?

आळशी_उंट

दिव्यावर काळ्या टेपचा तुकडा. माझ्या गाडीत केव्हाचा आहे, डिंक सुकला की नवीन लावतो. महिन्यातून एकदा गेजने हवा बघायची, झालं. याच्या आधीच्या गाड्यांना कुठे होते सेन्सर? चालत होत्याच ना?

लांबपल्ला

उंटराव, गावातल्या गावात फिरायचं तर ठीक आहे हो. हायवेवर मागच्या चाकात खिळा घुसून हवा हळूहळू उतरायला लागते, तेव्हा स्टिअरिंगला काहीही कळत नाही. कळतं तेव्हा टायरच्या भिंतीचा भुगा झालेला असतो. मला एकदा याच दिव्याने वेळेवर थांबवलंय, त्यामुळे मी तरी टेप लावणार नाही.

बाकी मीही वाचतोय, माझी गाडीही त्याच वयाची आहे. नाना आले की बोलतीलच.

नाना_टायरवाले

आलो. बरीच वर्षं टायर मशीनवर काढलीत, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी दिव्याचं. नुसता लागून राहिला तर हवा कमी आहे. आधी मिनिट-दीड मिनिट उघडझाप करून मग लागून राहिला तर हवेचा संबंध नाही, यंत्रणेतच बिघाड आहे. हे कुठल्या एका कंपनीच्या मनात आलं म्हणून नाही. अमेरिकेच्या नियमातच ६० ते ९० सेकंद उघडझाप आणि नंतर स्थिर, असं लिहिलेलं आहे. तिकडे २००० साली फायरस्टोनच्या टायरांचा वरचा थर सुटून फोर्ड एक्स्प्लोरर उलटल्याची प्रकरणं गाजली, त्यातून कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या प्रवासी गाडीला ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात सगळ्या नव्या गाड्यांसाठी नोव्हेंबर २०१४. म्हणजे त्या काळात बसवलेल्या सेन्सरांच्या बॅटऱ्या आता एकामागून एक माना टाकतायत. साधारण पाच ते दहा वर्षं चालते ही बॅटरी. तुमच्या सेन्सरांनी तर त्याहून जास्त नोकरी केली.

एक गोष्ट इथे वाचणाऱ्या इतरांसाठी. सगळ्याच गाड्यांच्या चाकात सेन्सर नसतो. काही गाड्या एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) वेगमापकावरून अंदाज बांधतात. हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या किंचित घटते, ते चाक बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त फिरतं, त्यावरून गाडी ओळखते. अशा गाडीत हवा भरल्यावर रीसेटचं बटण दाबायचं असतं, बदलायला आत काही नसतंच. तरी लोक सेन्सर विकत घेऊन येतात आणि मशीनवर टायर उघडल्यावर एकमेकांची तोंडं बघतात. स्क्रीनवर प्रत्येक चाकाचा वेगळा आकडा येत असेल तर मात्र आत सेन्सर आहे. तुमच्याकडे आहे.

आता तुमच्या मागच्या डाव्याचं. सकाळी गप्प आणि दुपारी बोलका, हे बॅटरी संपत आल्याचं अगदी नेहमीचं लक्षण. लिथियमच्या सेलचा आतला रोध थंडीत वाढतो. सेन्सर एरवी झोपलेला असतो, चाक फिरायला लागलं की जागा होतो आणि मिनिटाला साधारण एकदा रेडिओवरून निरोप धाडतो. निरोप धाडायच्या त्या क्षणाला करंट जास्त लागतो. सेल थंड आणि म्हातारा असेल तर व्होल्टेज तिथेच कोसळतं आणि निरोप जातच नाही. ऊन लागलं की तोच सेल पुन्हा जेमतेम उभा राहतो.

पण हा झाला अंदाज. लांबून बघून "चारही गेले" म्हणणारा माणूस आणि मी यात काहीतरी फरक राहू द्या. सेन्सर वाचायचं हातात धरायचं यंत्र असतं, चांगल्या टायरवाल्याकडे मिळेलच. ते वालच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, जवळ धरून बटण दाबलं की १२५ किलोहर्ट्झच्या लहरीने सेन्सरला जागं करतं आणि त्याचं उत्तर ऐकतं. टायर खोलावा लागत नाही. उत्तरात चार गोष्टी असतात: सेन्सरचा आयडी, हवा, तापमान आणि बहुतेक वेळा बॅटरी ठीक की कमी. चारही चाकांची वाचून इथे टाका. स्टेपनीलाही यंत्र लावा, काही गाड्यांत पाचवा सेन्सर तिच्यात असतो आणि सगळं बदलूनही दिवा जात नाही तो त्याच्यामुळे.

आणि बघा, एकाच वेळी चारही चाकांच्या रेघा आल्या असत्या तर मी सेन्सरला हातच लावू दिला नसता. चार बॅटऱ्या एकाच सकाळी मरत नाहीत. तेव्हा संशय रिसीव्हरवर घ्यायचा. बऱ्याच गाड्यांत रिमोट चावी आणि टायर सेन्सर यांचा रिसीव्हर एकच असतो, त्यामुळे चावीही जवळ गेल्याशिवाय चालत नसेल तर आधी तिकडे बघायचं.

थांबायचं का? थांबता येईल, पण एक गोष्ट माहीत असू द्या. दिवा आधीच लागलेला असला की दुसऱ्या चाकाची हवा खरोखर गेली तरी तुम्हाला नवीन काही दिसणार नाही. टेपवाल्यांचंही तेच होतं. चांगले सेन्सर बोलत असतात, ऐकणारा कोणी नसतो.

जुनी_पण_माझी

नाना, मनापासून धन्यवाद. सांगितलंत तसं वाचून घेतलं. तिसऱ्याच एका टायरवाल्याकडे यंत्र होतं, त्याने कुरकुर न करता चाकांभोवती फिरून वाचून दिलं.

पुढचं डावं: हवा ३३, बॅटरी ठीक.
पुढचं उजवं: हवा ३२, बॅटरी कमी. (हे अनपेक्षित, स्क्रीनवर याचा आकडा रोज व्यवस्थित येतो.)
मागचं डावं: पहिल्यांदा उत्तर नाही, यंत्र वालला अगदी चिकटवून धरल्यावर ३२, बॅटरी कमी.
मागचं उजवं: काहीच नाही.
स्टेपनी: काहीच नाही, तिला साधा रबरी वाल आहे.

अजून एक. पुढच्या उजव्याचा आणि मागच्या डाव्याचा आयडी बघितला तर सुरुवातीची अक्षरं सारखी, फरक फक्त शेवटच्या दोन-तीन अक्षरांत. पुढच्या डाव्याचा मात्र पूर्ण वेगळाच. याला काही अर्थ आहे का?

शिवाय मागच्या दोन्ही वालच्या नटाभोवती पांढरी पावडर जमलीय. नखाने खरवडली तर निघते, पण खाली धातूला खड्डे पडलेत.

सोल्डरवाली

बॅटरीच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहिते. माझं रोजचं काम इलेक्ट्रॉनिक्सचं, सेन्सर उघडून बघितलेले आहेत.

बदलता येते का? येते. सेन्सरचं पोट एका घट्ट राळेने भरलेलं असतं. काहींत ती मऊ, सिलिकोनसारखी असते, ती कोरून निघते. काहींत इपॉक्सी इतकी कडक की ती काढताना सर्किटच उखडतं. सेल होल्डरमध्ये बसवलेला नसतो, त्याला पत्र्याच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. नवा सेलही तसाच पट्टीवाला घ्यावा लागतो, कारण उघड्या सेलवर सोल्डर लावलं की उष्णतेने आतलं सील जातं. आणि लोक नेमके इथे चुकतात: घड्याळात घालतो तो साधा सीआर२०३२ आणून बसवतात. त्याची मर्यादा बऱ्याचदा ६०-७० अंशांची असते. घाटात ब्रेक तापले की रिम तापते, तिथे हा सेल टिकत नाही. सेन्सरमध्ये उष्णता सहन करणारे, १२५ अंशांपर्यंत चालणारे वेगळे सेल असतात.

एवढं सगळं नीट करून पुन्हा राळ ओतली तर सेन्सर चालतो. ज्या गाड्यांचे सेन्सर आता मिळतच नाहीत त्यांच्यासाठी हा मार्ग वाईट नाही. सरसकट "होत नाही" म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

नाना_टायरवाले

ताई, होत नाही असं मीही म्हणत नाही. टेबलावर होतं. प्रश्न चाकात काय होतं याचा आहे.

हिशोब करून बघा. ताशी १०० किलोमीटर वेगाला नेहमीच्या मापाचं चाक सेकंदाला चौदाएक फेरे घेतं. सेन्सर अक्षापासून १८-१९ सेंटीमीटरवर धरला तर त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीडशे पट ताण येतो. तीस ग्रॅमचा सेन्सर, म्हणजे तो साडेचार किलोच्या वजनासारखा बाहेर ओढत असतो, आणि हे तासन् तास. घरी ओतलेली राळ कुठे नीट चिकटली नसेल तर सेल आत हलतो, पट्टी तुटते, आणि पुन्हा टायर मशीनवर. टायर उघडायचा, बसवायचा, बॅलन्स करायचा, ही मेहनत सेन्सर नवा असो की दुरुस्त केलेला, तेवढीच. त्या मेहनतीत जुगार कशाला खेळायचा? मिळतच नसेल तर ताई म्हणतात तसं करा. तुमच्या गाडीचे मिळतात.

आता धागाकर्त्यांच्या आकड्यांकडे. तुम्ही आयडी नीट बघितलेत, शाबास. कारखान्यात एका गाडीला एकाच खोक्यातले सेन्सर बसतात, त्यामुळे त्यांचे आयडी बऱ्याचदा शेजारशेजारचे असतात. पुढचा डावा वेगळा निघाला आणि त्याचीच बॅटरी ठीक आहे, म्हणजे आधीच्या मालकाने तो कधीतरी बदललेला असणार. छातीठोक नाही सांगत. पण आयडीवरून आणि बॅटरीवरून एकच गोष्ट दिसतेय, तर त्याला उगाच काढू नका.

म्हणजे उत्तर एक नाही आणि चारही नाही. तीन. पुढचा उजवा आज बोलतोय म्हणून ठेवाल तर पहिल्या थंडीत तो मागच्या डाव्याच्या वाटेने जाणार.

टायरचा वर्षभराचा जीव आहे म्हणता. सेन्सर बदलायला टायर पूर्ण उतरवावा लागत नाही हे लक्षात घ्या. हवा सोडायची, बाहेरच्या बाजूचं बीड (टायरची रिमवर घट्ट बसणारी कड) रिमपासून सोडवायचं, टायरची भिंत खाली दाबून धरायची, नट काढून सेन्सर त्या फटीतून बाहेर. आतलं बीड जागच्या जागी राहतं. बॅलन्सिंग मात्र करून घ्या, कारण नव्या आणि जुन्या सेन्सरच्या वजनात फरक असतो. एवढ्या कामासाठी वर्षभर लागलेला दिवा बघत बसायची गरज नाही. टायर महिन्या-दोन महिन्यांत जाणार असते तर मीच म्हटलं असतं थांबा.

मशीनवर उभं राहून एकच बघा: बीड दाबणारा मशीनचा हात वालच्या जवळ येता कामा नये. सेन्सर वालच्या मुळाशीच, रिमच्या खोबणीत बसलेला असतो. तो हात तिथे दाबला गेला की कडकन् आवाज येतो आणि चांगला सेन्सरही जातो. तुमच्या पुढच्या डाव्यासाठी हे टायर बदलताना पुन्हा सांगा. सांगायला लाजू नका, घाईत भल्याभल्यांचं लक्ष जातं.

आता ती पांढरी पावडर. ॲल्युमिनियमचा वाल गंजतोय. ओलावा आणि मीठ हे एक कारण, पण दुसरं जास्त वेळा बघितलंय: वालमधली पिन. ॲल्युमिनियमच्या वालमध्ये निकेलचा मुलामा दिलेली, पांढरट दिसणारी पिन हवी. कोणीतरी साधी पितळी, पिवळी पिन घालतो. दोन वेगळे धातू, त्यात पाणी, की पिन आतच धरून बसते. मग पिन काढायला जोर लावला की वालच पिळून तुटतो. टोपीचंही तसंच. दिसायला छान म्हणून धातूची टोपी लावतात आणि ती वालला जाम होते. प्लास्टिकची टोपी लावा, आत रबराची चकती असलेली.

जुने दोन काढताना नट तडकला तरी हरकत नाही, ते जाणारच आहेत. नवीन बसवताना नटाला पान्याने मन लावून आवळू देऊ नका. या नटाचा टॉर्क बहुतेक ठिकाणी एक आकडी न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा सेन्सरसोबतच्या कागदावर छापलेला असतो. जास्त आवळला की खालचं रबर चेपून फाटतं, कमी आवळला तर गळतं. लहान टॉर्क रेंच नसेल तर दुसरीकडे जा, हे मी स्पष्टच सांगतो. बसवल्यावर हवा भरून वालच्या मुळाशी साबणाचं पाणी.

पुढच्या डाव्याचा सेन्सर ठेवताय, पण त्याचं रबर, नट, पिन आणि टोपी यांचा छोटा संच मिळतो. पुढच्या वेळी टायर बदलाल तेव्हा तेवढा बदला. सेन्सर जिवंत आणि रबर मेलेलं, असं फार होतं.

जुनी_पण_माझी

तीन. हे दोन्ही गॅरेजवाल्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. :)

मग सेन्सर कुठला घेऊ? आणि गाडीला नवीन सेन्सर ओळखायला लावायचं म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावं लागणार ना?

नाना_टायरवाले

नाही. गाडी ओळखते ती आयडीला, सेन्सर कोणी बनवला याच्याशी तिला देणंघेणं नाही. सगळ्या गाड्यांना चालणारे जे मिळतात ते कोरे असतात. यंत्राने त्यांच्यात तुमच्या गाडीची भाषा आणि एक आयडी भरतात. चांगल्या नावाचे घ्या, ते कंपनीच्या सेन्सरइतकेच टिकतात असा माझा अनुभव आहे. फक्त फ्रीक्वेन्सी जुळायला हवी. अमेरिकेसाठी बनलेल्या बहुतेक गाड्यांत ३१५ मेगाहर्ट्झ, युरोपसाठी बनलेल्यांत ४३३. दुसऱ्या देशातून आलेली जुनी गाडी असेल तर जुन्या सेन्सरवर काय छापलंय ते बघूनच घ्या. काही कोरे सेन्सर दोन्हीवर चालतात.

आयडी भरताना नवीन न भरता जुन्याचाच भरायला सांगा. यालाच क्लोन म्हणतात. गाडीला वाटतं जुनाच सेन्सर पुन्हा बोलायला लागला. तिला काही शिकवावंच लागत नाही. पुढच्या उजव्याचा आणि मागच्या डाव्याचा आयडी तुमच्याकडे आहेच. मागचा उजवा मेलेला, तो यंत्राला उत्तर देणार नाही. त्याचा आयडी दोन ठिकाणी सापडतो: टायर उघडल्यावर सेन्सरच्या अंगावर छापलेला, किंवा बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधून (गाडी तपासायचं यंत्र जोडतात ते) गाडीच्या स्मृतीतून वाचता येतो.

क्लोन जमला नाही तरच गाडीला शिकवायचा प्रश्न येतो, आणि ते गाडीप्रमाणे बदलतं. काही गाड्या नुसत्या चालवल्या की आपोआप शिकतात. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत आयडी ओबीडीतूनच लिहावे लागतात. जनरल मोटर्सच्या गाड्यांत शिकण्याच्या मोडमध्ये टाकून डावं पुढचं, उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं मागचं असं क्रमाने यंत्र लावत जायचं, प्रत्येक चाकाला हॉर्न वाजतो. हे करताना काढलेले जुने सेन्सर डिकीत ठेवू नका. त्यातला एखादा अर्धमेला मध्येच बोलतो आणि गाडी त्यालाच शिकते.

लांबपल्ला

नाना, एक अवांतर. वालवर टोपीसारखे बाहेरून लावायचे सेन्सर मिळतात, वेगळ्या छोट्या स्क्रीनसोबत. टायर उघडायची भानगडच नाही. ते का नको?

नाना_टायरवाले

ज्या गाडीला मुळात यंत्रणाच नाही तिच्यासाठी उत्तम. बॅटरीही घरी बदलता येते. पण रबरी वालवर लावू नका. वर सांगितलेला वजनाचा हिशोब इथेही लागू होतो: टोकावरचं वजन वाल बाहेर ओढतं, रबर मुळाशी चिरतं. धातूचे वाल बसवून मग लावा. आणि धागाकर्त्यांच्या गाडीचा स्वतःचा दिवा त्याने विझणार नाही, तो वेगळाच रिसीव्हर आहे.

जुनी_पण_माझी

काम झालं. तिन्ही सेन्सर बदलले, तिन्ही क्लोन. मागच्या उजव्याचा आयडी ओबीडीतून निघाला आणि टायर उघडल्यावर छापलेल्याशी ताडून बघितला, तोच होता. मागच्या डाव्याच्या वालमध्ये नाना म्हणाले तशी पिवळी पिन निघाली. पकडीने धरून फिरवली तर पिन राहिली आणि वालचं तोंडच पिळलं गेलं. टायरवाल्याने बीड दाबायच्या आधी मी न सांगताच चाक फिरवून वाल लांब घेतला, तेव्हाच जिवात जीव आला.

निघताना दिवा होताच, जरा धाकधूक झाली. मोकळ्या रस्त्याला लागलो, थोडं पुढे गेल्यावर आपोआप विझला आणि चारही आकडे आले.

आता शेवटचा प्रश्न. स्क्रीनवर चारही चाकांत आकडा माझ्या गेजपेक्षा दोन पीएसआयने कमी दिसतोय. नवीन तिन्हीत आणि जुन्या पुढच्या डाव्यातही. थंड टायरला बघितलं, गेज दुसऱ्याचं आणूनही बघितलं. सेन्सर चुकीचे भरले गेलेत का?

नाना_टायरवाले

चारही सारखेच कमी, आणि त्यात न बदललेलाही आहे, म्हणजे भरण्यात चूक नाही. तुम्ही समुद्रसपाटीपासून किती उंचावर राहता?

कारण असं. गेज दाखवतं ते टायरच्या आतली आणि बाहेरची हवा यांच्या दाबातला फरक. चाकातले बरेच सेन्सर मात्र आतला पूर्ण दाब मोजतात, बाहेरच्या हवेसकट. गाडी त्यातून वातावरणाचा दाब वजा करून स्क्रीनवर टाकते. काही गाड्या त्यासाठी समुद्रसपाटीचा ठरलेला आकडा धरतात, १४.७ पीएसआय. दीड हजार मीटरवर बाहेरचा दाब असतो १२.३ च्या आसपास. म्हणजे गाडी सव्वादोन-अडीच पीएसआय जास्तच वजा करते आणि तेवढा आकडा कमी दिसतो.

हवा गेजनेच भरा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी, सकाळी टायर गार असताना. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय घटतो, तेव्हा थंडी सुरू झाल्यावर पुन्हा एकदा बघा. पुढे कधी चारांपैकी एकाच चाकाचा आकडा गेजपासून वेगळा पडायला लागला, तर तो सेन्सर यंत्राने वाचून घ्या आणि वॉरंटीत बदलून मागा. पावती जपून ठेवलीत ना?

जुनी_पण_माझी

सोळाशे मीटर. पावती गाडीच्या कागदांतच आहे, मागे तिन्ही आयडी लिहून ठेवलेत.